आईचे घट्ट मोजे

आई धानोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टरबाई म्हणायचे. काम दिवसभर उभं राहण्याचं. मलेरियाच्या दिवसांत खाटा पुरायच्या नाहीत, पेशंट व्हरांड्यात सतरंजीवर झोपलेले असायचे आणि आई त्यांच्यामधून वाट काढत सलाइनच्या बाटल्या बदलत फिरायची. मी आठवीत होते तेव्हा तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगायला लागल्या. संध्याकाळी घरी आली की पाय सुजलेले असायचे, चपलेचा पट्टा रुतून वळ उठलेला असायचा. ती पाय पाटावर ठेवून बसायची आणि बसल्या बसल्याच तांदूळ निवडायची. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी तिला घट्ट मोजे घालायला सांगितले.

तसे मोजे मी कधी पाहिले नव्हते. गव्हाळ रंगाचे, गुडघ्यापर्यंत येणारे, बोटांशी उघडे. हातात घेतले तर लहान मुलाचे वाटावेत इतके आवळलेले. ते सकाळी अंथरुणातून उठण्याच्या आधी घालायचे, कारण एकदा माणूस उभं राहिलं की रक्त खाली उतरतं आणि मग मोजा चढत नाही. आईला एकटीला ते जमायचं नाही. बाबा सिरोंच्याला शाळेत मास्तर होते, महिन्यातून एकदा यायचे. तेव्हा मोजे चढवणं हे माझं काम झालं.

मी उठायचे तेव्हा आई जागीच असायची, पाठीवर पडून दोन्ही पाय भिंतीला वर टेकवलेली. मी तिच्या पोटऱ्यांना पावडर लावायचे, मोजा टाचेपर्यंत उलटा करून पाऊल त्यात बसवायचे आणि मग थोडा थोडा वर ओढत न्यायचे. कुठे सुरकुती राहिली तर ती दिवसभर रुतायची, म्हणून शेवटी तळहात खालून वर फिरवून सारखं करावं लागायचं.

"नख नको लागू देऊ," आई रोज म्हणायची.

"नाई लागत ना."

"तुह्या हाताले चांगलं जमते हे. आमच्या दवाखान्यातल्या पोरीइले नाई जमत असं."

आमचं बोलणं व्हायचं ते याच वेळी. एकदा उठली की तिला पाणी, चूल, डबा, ड्यूटी, आणि संध्याकाळी ती इतकी दमलेली असायची की जेवता जेवता डोळे मिटायचे. पण सकाळी पाय भिंतीला लावलेली आई कुठेही जाऊ शकत नव्हती. शाळेत काय झालं, कोण काय बोललं, गणिताच्या पेपरात काय चुकलं, ते सगळं मी तिला तिच्या पायांशी बसून सांगितलेलं आहे.

मी तेव्हा धावायला लागले होते. आमच्या शाळेत खेळाचे एक सर होते. त्यांनी मला सुट्टीत मैदानाच्या कडेनं पळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी बोलावलं. आम्ही चार-पाच मुली गावाबाहेर मुरूमगावच्या रस्त्यानं धावायचो. दोन्ही बाजूंना जंगल, मोहफुलांच्या दिवसांत टोपल्या घेऊन निघालेल्या बाया, त्या आम्हाला बघून थांबायच्या. धावणं मला आवडायचं, पण दोन गोष्टींचा त्रास व्हायचा. एक म्हणजे पोटऱ्या. पहिले काही महिने त्या इतक्या दुखायच्या की जिना उतरल्यासारखं चालावं लागायचं. आणि दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सर म्हणायचे, सलवार पायात येते, हाफ पॅन्ट घाला. मी घालायचे. पण बस स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवरून जाताना मला माझे पाय फार लांब आणि फार उघडे वाटायचे. तेवढा रस्ता मी इतक्या जोरात धावायचे की सर म्हणायचे, ही पोरगी सुरुवातीलेच दमून जाते.

एकदा सरांनी टीव्हीवर मोठ्या स्पर्धा पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ते भारावून आले.

"त्याइचे कपडे पाह्यले का तुमी? अंगाले चिकटून असतात. एकदम टाइट. त्यानं मसल हलत नाई अन स्पीड वाढते."

"सर, इथी कुठी भेटते ते?" एका मुलीनं विचारलं.

"इथी कुठी भेटन? नागपूरलेही भेटत नसन," सर म्हणाले, आणि आम्ही आपल्या नेहमीच्या कपड्यांत धावायला निघालो.

मी ते सकाळी आईला सांगितलं. तिचा एक मोजा चढला होता, दुसरा अर्ध्यावर होता.

"माह्या मोज्यासारखेच असतीन का?" ती म्हणाली.

"मोठे असतात. पूर्ण पायाले, अंगाले."

आईनं ट्रंकेकडे बोट दाखवलं. "माह्ये जुने मोजे हायेत ना ट्रंकेत. ढिले झाले म्हणून ठेवले. ते घालून पाह्य."

"त्यानं स्पीड वाढन का?"

"ते मले का मालूम? रक्त वर चढवाले मदत होते, एवढं डॉक्टर म्हणत होते. संध्याकाळी माह्ये पाय हलके राह्यतात. उभं राह्यणाऱ्याले जमते तर धावणाऱ्याले काऊन नाई जमणार? किंवा नसनही जमत. घालून पाह्य."

मग तिलाच एक कल्पना सुचली. दोन्ही पायांत घातले तर समजणार कसं? म्हणून एकाच पायात घालायचा आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या दाबून पाहायच्या.

मी डाव्या पायात आईचा गव्हाळ मोजा घालून धावायला गेले. मुली हसून हसून रस्त्याच्या कडेला बसल्या. "पायाले का झालं व?" एकीनं विचारलं. "भाजलं का?" सरांना मी खरं ते सांगितलं. तेही हसले, पण मग गंभीर झाले.

"एका पायानं स्पीड कशी समजन पण?"

"स्पीडचं नाई सर, दुखण्याचं पाह्यतो आमी."

"आमी म्हणजे?"

"मी अन आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जागा बदलल्या. मी आडवी पडले आणि आई माझ्या पायांशी बसली. तिनं मला डोळे मिटायला सांगितले. दोन्ही पोटऱ्यांवर अंगठा ठेवून हळूहळू दाबत वर गेली.

"हे दुखते?"

"हो."

"अन हे?"

"दुखते, पण कमी."

"खरंच का मोज्याचं मन राखून राह्यली?"

मला हसू आलं आणि तिलाही. पुढे उजव्या पायात घालून पाहिला, पुन्हा डाव्यात. त्या काही दिवसांत आई ड्यूटीला जायच्या आधी रोज माझ्या पोटऱ्या दाबायची. कधी मोजा घातलेला पाय जिंकायचा, कधी दोन्ही सारखे. पण जास्त वेळा मोजेवाला पाय दुसऱ्या दिवशी जरा कमी धरलेला असायचा. हे सगळं मोज्यानं झालं की आईच्या अंगठ्यानं, हे मला आजही सांगता यायचं नाही.

मग मी दोन्ही पायांत घालायला लागले. सरांनी घड्याळ लावून पाहिलं. वेळ होती तशीच होती. सर दोनदा-तीनदा पाहून खट्टू झाले. "काई फरक नाई," म्हणाले. मला मात्र फरक पडला होता. टपरीवरून जाताना आता मला जोरात पळावंसं वाटत नव्हतं. पाय झाकलेले वाटायचे. बघणारे बघायचेच, उलट त्या विचित्र रंगामुळे जास्तच बघायचे, पण ते मोजे बघायचे, मला नाही. मी माझ्या चालीनं धावायचे आणि शेवटपर्यंत दम टिकायचा. हे मी एका सकाळी आईला सांगितलं. मोजा ओढता ओढता माझा हात थांबला होता, तो तिनं फक्त धरला आणि थोडा वेळ धरून ठेवला.

जिल्ह्याच्या स्पर्धा गडचिरोलीला होत्या. आईनं सुट्टी काढली आणि आमच्याबरोबर एसटीनं आली. मला ते अपेक्षित नव्हतं. ती मैदानाच्या दोरीशी उन्हात उभी राहिली, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. माझी पंधराशे मीटरची शर्यत दुपारी होती. पहिला फेरा चांगला गेला. दुसऱ्या फेऱ्यात उजवा मोजा घसरायला लागला. जुनाच तो, त्यातला ताण कधीच गेला होता. घामानं अजून सैल झाला आणि घोट्याशी गोळा होऊन बसला. थांबून काढावा की तसंच पळावं हे ठरवेपर्यंत दोन मुली पुढे गेल्या. मी तशीच पळत राहिले आणि चौथी आले.

रडू येत होतं, पण मी रडले नाही. आईनं मला कडुलिंबाखाली बसवलं आणि माझे मोजे स्वतः उतरवले. घोट्याला लाल कडं पडलं होतं. तिनं त्याच्यावर बाटलीतलं पाणी ओतलं.

"म्हातारे झाले हे," ती म्हणाली. "माह्या पायातले द्याले पायजे होते तुले."

तेव्हा मी तिच्या पायांकडे पाहिलं. साडीच्या खाली तिचे चांगले मोजे होते, आणि सकाळपासून त्या उन्हात ती त्यांच्याच भरवशावर उभी होती.

"मंग तू उभी कशी राह्यली असती?"

"बसली असती," आई म्हणाली. "बसूनही दिसते."

पण बसून दिसत नव्हतं. दोरीशी माणसांची दाटी होती.

पुढच्या वेळी ती नागपूरला तपासायला गेली तेव्हा माझ्यासाठी वेगळा जोड घेऊन आली, माझ्या पोटरीचं माप दोऱ्यानं घेऊन. दुकानदारानं विचारलं, कुणाला शिरांचा त्रास आहे? तिनं सांगितलं, त्रास कुणाला नाही, पोरगी धावते. त्याला काही समजलं नाही म्हणे.

आता मी स्वतः खेळ शिकवते. मुली हल्ली मोबाइलवर पाहून विचारतात, मॅडम, ते टाइट पॅन्ट घेऊ का, त्यानं स्पीड वाढते का? मी सांगते, धावण्यानं धावणं वाढतं. कपड्यानं एवढं होतं की मांडी मांडीला घासत नाही, दुसऱ्या दिवशी पाय थोडे कमी जड वाटतात, आणि अंगाला कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. त्या शेवटच्यानं तुला बरं वाटत असेल तर घे. घट्ट हवं, पण मुंग्या येतील इतकं नको. एवढं उत्तर द्यायला मला आईचे मोजे लागले, आणि बर्फही लागला.

बर्फाचं असं झालं. मी कॉलेजात होते, दोन हजार सालानंतरची गोष्ट. कॉलेजातून मुलींना हिमाचलातल्या एका शिबिराला पाठवणार होते, तिथे स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणं, शिकवायचे. धावणारी म्हणून माझं नाव गेलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला बर्फ म्हणजे लग्नात सरबताच्या पिंपात टाकतात ती लादी. आईनं माझ्या बॅगेत दोन स्वेटर, तिळाचे लाडू आणि घट्ट मोज्यांचा नवा जोड ठेवला.

"तिथी थंडी हाये, त्याले गरम मोजे लागतीन," मी म्हटलं.

"गरमही ठेवले. हे आतून घालजो."

मी तसंच केलं. पहिल्या दिवशी आईनं दिलेले घट्ट मोजे, वरून लोकरीचे दोन, आणि वरून तो स्कीचा प्लॅस्टिकचा दगडासारखा कडक बूट. उतारावर उभं राहायच्या आतच पायाची बोटं गेली. म्हणजे होती, पण मला जाणवत नव्हती. आमचे शिकवणारे तिथलेच, गालांवर उन्हाचे डाग पडलेले वयस्क गृहस्थ होते. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि मला खोलीत शेगडीपाशी नेलं.

"बेटा, जुराब कितनी पहनी है?"

"तीन, सर."

त्यांनी एक एक मोजा काढायला लावला. आतला घट्ट मोजा निघाला तेव्हा तो हातात धरून त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. मी तुटक्या हिंदीत सांगितलं, माझी आई नर्स आहे, यानं रक्त वर चढतं.

"माँ ठीक कहती है," ते म्हणाले. "पर यहाँ ख़ून को नीचे भी तो आने दो." आणि माझी पावलं त्यांनी आपल्या लोकरीच्या टोपीत गुंडाळली. बोटं परत आली तेव्हा इतकी ठणकली की मला जिल्ह्याच्या शर्यतीत न आलेलं रडू तिथे आलं. ते शेगडीत लाकूड सारत बसून राहिले.

त्यानंतर बुटात एकच मोजा. आईचे मोजे मी संध्याकाळी घालायचे, पाय भिंतीला लावून. माझ्या खोलीत पुण्याची एक मुलगी होती. तिच्या भावानं परदेशातून तिला अंगाला चिकटणारा पूर्ण पोशाख आणला होता, मानेपासून घोट्यापर्यंत काळा. शाळेतल्या सरांनी टीव्हीवर पाहिलेला तोच. मी तो पहिल्यांदा जवळून पाहत होते.

"यानं खरंच फायदा होतो का ग?" मी विचारलं.

"भाऊ म्हणतो होतो," ती म्हणाली. "मी तर तुझ्याएवढीच पडते."

ते खरं होतं. आम्ही दोघी दिवसभर पडायचो. स्कीइंगमध्ये पोटऱ्या नाही, मांड्या भरून येतात, आणि मांडीला आईचा मोजा पोचत नव्हता. एक दिवस तिनं मला त्या पोशाखातली काळी पॅन्ट दिली आणि माझे मोजे मागून घेतले. मी ती घालून उतारावर गेले. मांड्या कुणीतरी दोन्ही हातांनी आवळून धरल्यासारख्या वाटल्या. आत गरम होतं, ओलं झालं तरी अंगाला थंड कापड लागत नव्हतं. पडले मात्र तेवढीच. उठताना जरा सोपं गेलं, की तसं वाटलं. संध्याकाळी ती भिंतीला पाय लावून माझ्या शेजारी पडली होती, पायांत आईनं दिलेले मोजे. आईही रोज असेच घालते, हे मी तिला सांगितलं होतं.

"तुझ्या आईला सांग, हे जास्त छान आहेत," ती म्हणाली. "रोज हे कोण चढवतं त्यांना?"

"मी चढवायची. आता शेजारची बाई येते."

हे बोलताना माझा आवाज बदलला असावा, कारण तिनं आपल्याजवळच्या खारीक-बदामातले अर्धे मला दिले.

परतीच्या प्रवासात दिल्लीपासून नागपूरपर्यंत मी मोजे घालूनच बसले होते. नागपूरहून गडचिरोली, तिथून धानोरा. आई स्टँडवर आली होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहायच्या आधी पायांकडे पाहिलं.

"सुजले नाईत."

"मोजे घालून बसली होती ना गाडीत."

तिला इतका आनंद झाला की बर्फाचं विचारायची ती विसरली. मग घरी चहा पिताना मी तिला सगळं सांगितलं, बोटं बधिर झाली तेही, आणि शिकवणाऱ्यांनी काय म्हटलं तेही. आईनं ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. "बरोबर हाये त्याइचं," ती म्हणाली. "खाली आलंच नाई तर वर का चढन?"

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. आमच्या क्वार्टरच्या मागे शेजाऱ्यांचं खळं होतं. धानाची मळणी होऊन गेली होती आणि तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, मोठा ढीग एका बाजूनं उतरता झाला होता. आई म्हणाली, "दाखव मले कसं करतात ते."

कुंपणासाठी आणलेल्या बांबूच्या लांब कामट्या पडल्या होत्या. मी दोन कामट्या सुतळीनं चपलांना बांधल्या आणि ढिगावर चढले. पुढची टोकं जवळ आणली की वेग कमी होतो, लांब नेली की वाढतो, असं सांगितलं. वेग कुठला? मी हातभर घसरले आणि बसले. आई कमरेवर हात ठेवून हसत होती, आवाज न करता, दवाखान्यात हसायची सवय होती तिला तशी.

"अन मी केलं तर?"

"तुह्ये पाय, आई."

"मोजे हायेत ना पायात."

तिनं साडी खोचली. मी तिच्या चपलांना कामट्या बांधल्या. तणसावर बसून तिचं पाऊल मांडीवर घेतलं तेव्हा मोजा नीट चढलेला नव्हता, शेजारच्या बाईनं घाई केली असावी, एक सुरकुती राहिली होती. मी ती तळहातानं वर सारून काढली. मग तिचे दोन्ही हात धरले आणि उलट पावली उतरायला लागले.

"टोकं जवळ ठेव."

"जवळच हायेत."

जवळ नव्हती. ती सरळ माझ्या अंगावर आली आणि आम्ही दोघी तणसात बसलो. आईच्या अंबाड्यात, ब्लाउजच्या बाहीत, सगळीकडे तणीस. तिला उठवायला मी हात दिला, पण ती म्हणाली, थांब जराशी, बसू दे, आणि तिथेच आभाळाकडे पाहत बसली. सूर्य वर आला होता, तणीस गरम झालं होतं.

कुंपणापलीकडून शेजारची बाई केव्हापासून बघत होती कोण जाणे.

"सिस्टरबाई, का करून राह्यल्या हो मायलेकी?"

"बर्फावर आलो," आई म्हणाली. "तू येते का?"

बाईनं एकदा रस्त्याकडे पाहिलं, मग कुंपणाची फांदी बाजूला सारून ती आत आली. आईनं आपल्या चपला काढून तिच्यापुढे ठेवल्या, कामट्यांसकट, आणि तिचा हात धरून तिला सांगायला लागली, समोरची टोकं जवळ ठेवायची, घाबरायचं नाई, पडली तर तणीसच हाये खाली.